गैरहजर माणसाचं मत

वॉशिंग्टन, १४ नोव्हेंबर

रूबेन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला आहे. एवढी लबाडी आधीच कबूल करतो.

तुझ्या फुप्फुसांचं तुझ्या ऑफिसातून कळलं. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला आहे, नाकात नळी आहे, आणि तू बेलेनच्या घरी खिडकीपाशी बसून टीव्हीवर सिनेटचं कामकाज बघतोस, असं ते म्हणाले. फुप्फुसं बिघडलेल्या माणसाने ते बघू नये. इथे बसून बघणाऱ्यालाही दम लागतो.

बारा वर्षं आपण बोललो नाही. लिफ्टमध्ये तीनदा एकटे सापडलो. तिन्ही वेळा तू मजल्यांचे आकडे वाचत होतास.

मी जानेवारीत घरी जातोय. यंदा उभाच राहिलो नाही. आमच्या पक्षाचं जे झालं ते बघता उभा राहिलो असतो तरी घरीच गेलो असतो. राष्ट्राध्यक्ष तुमचा आला, सिनेट तुमची आली. आमच्या हातात तीन जानेवारीपर्यंतचे दिवस आहेत, आणि आमचा नेता कीटिंग याला तेवढ्यात अकरा न्यायाधीश बसवायचे आहेत. अकराही नावं तुमच्या लोकांनी फिलिबस्टर करून अडवली आहेत. चर्चा संपवायला साठ मतं लागतात. आमच्याकडे एक्कावन्न. म्हणून चर्चा संपत नाही आणि मतदान होत नाही. खरं तर चर्चाही होत नाही. सभागृह रिकामं असतं, आणि कागदावर आम्ही सगळे बोलत असतो.

कीटिंगचा बेत तुझ्यापर्यंत आला असेल. नियमातलं एक अक्षरही बदलायचं नाही. सभागृहाने साध्या बहुमताने एवढंच म्हणायचं, की न्यायाधीशांच्या बाबतीत साठ म्हणजे एक्कावन्न. एकदा म्हटलं की झालं.

मतदान डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तू येऊ शकणार नाहीस, म्हणून लिहितो.

आपली जोडी तू विसरला नसशील. तुझी लूस गेली तेव्हा तू तीन आठवडे घरी होतास. ज्या ज्या मतदानात आपण एकमेकांच्या विरुद्ध पडलो असतो, त्यात मी उठून सांगत होतो : न्यू मेक्सिकोचे सिनेटर आर्चुलेटा आज इथे असते तर त्यांनी नाही म्हटलं असतं, मी हो म्हटलं असतं, म्हणून मी माझं मत देत नाही. माझी छाती उघडली होती तेव्हा तू माझ्यासाठी तेच केलंस. कागदावर काही नव्हतं. सिनेटच्या तळघरातल्या छोट्या रेल्वेत आपण हात मिळवले होते, आणि तुझ्या हाताला कांद्याचा वास होता. ती जोडी मोडली असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. आपण बोलायचं थांबलो, एवढंच.

या मतदानात मी तुझ्याशी जोडी लावायला तयार आहे. तुझं मत काय ते कळव. 'नाही' असणार असं मी धरून चालतो, पण विचारायची रीत आहे.

एल्डन


वॉशिंग्टन, २१ नोव्हेंबर

रूबेन,

उत्तर नाही. मार्गो म्हणते, बेलेनला टपाल उशिरा पोचतं. मार्गो पहिल्या दिवसापासून माझ्या ऑफिसात आहे, आणि खोटं बोलताना ती चष्मा पुसते.

ती खोकी भरते आहे. तीस वर्षांचे कागद. काल तिला आपली दोघांची बारा वर्षांपूर्वीची भाषणं एकाच फायलीत सापडली. तेव्हा बहुमत तुमचं होतं आणि अडवत आम्ही होतो. तुझ्या भाषणात आहे : 'न्यायाधीश नेमायला राज्यघटना बहुमत मागते. साठ हा आकडा आपण आपल्या सोयीसाठी मध्ये घातला. जिची लायकी कोणी नाकारत नाही, त्या बाईला हो किंवा नाही एवढं ऐकण्याचाही हक्क नाही का?' माझ्यात आहे : 'कायदा चुकला तर पुढची सिनेट तो बदलते. न्यायाधीश चुकला तर तो चाळीस वर्षं तिथेच बसतो. दोन वर्षांच्या बहुमताने चाळीस वर्षांची माणसं नेमू नयेत. ज्याला दोन्ही बाजू निदान सहन करतील असा माणूस हवा असेल, तर साठ हवेत.'

मार्गो म्हणाली, "सर, यंदा भाषण लिहायचे कष्ट नकोत. आर्चुलेटासाहेबांचं घ्या आणि वरचं नाव बदला."

"आणि त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्या लोकांनी तुमचं घेतलंय. काल दुपारी एकजण तुमची चाळीस वर्षं जशीच्या तशी म्हणून गेला."

"माझं नाव घेतलं?"

"छे."

"बरं झालं."

माझं ते भाषण थीआने लिहिलं होतं. थीआ लिंडक्विस्ट, तुला आठवेल. एकोणीस वर्षं माझ्याकडे होती, उंच, तुझ्या विनोदांना न हसणारी. सात वर्षांपूर्वी ती घरी परत गेली आणि लिंकनला न्यायाधीश झाली. अकरा नावांत तिचं नाव चौथं आहे. मीच सुचवलं होतं. वरच्या कोर्टासाठी तिच्याइतकं योग्य माणूस मी नेब्रास्कात पाहिलेलं नाही. तुमच्या लोकांचंही तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. तिला अडवायचं कारण एवढंच, की तिला पाठवलं आम्ही.

जानेवारीनंतर तिचं नाव कोणी पुन्हा पाठवणार नाही. ती चोपन्न वर्षांची आहे.

काल जोडीचं सांगायला मी कीटिंगकडे गेलो.

"रूबेनशी?" तो म्हणाला. "तो बोलतो तुझ्याशी?"

"नाही."

"मग जोडी कसली, एल्डन? घटस्फोट झालेल्या बायकोसाठी हॉटेलात टेबल राखून ठेवण्यातला प्रकार आहे हा."

"शब्द दिलेला आहे."

तो छताकडे बघत राहिला. तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लाव. अवश्य लाव. आजकाल कोण करतं एवढं? सभ्य माणूस आहेस तू."

आमच्यातली हार्टवेलबाई विरुद्ध जाणार हे तिने जाहीर केलं आहे. त्याला एकेक मत हवं आहे. तरी तो इतक्या सहज हो म्हणाला याचं मला आश्चर्य वाटलं. पण मी फार विचार केला नाही.

तुझं मत कळव. दोन ओळी पुरतील.

एल्डन


ऑर्ड, नेब्रास्का, २८ नोव्हेंबर

रूबेन,

थँक्सगिव्हिंगच्या सुटीसाठी घरी आलो आहे. काल टर्की होती. थीआ लिंकनहून अडीच तास गाडी चालवत आली. येताना भोपळ्याची पेस्ट्री घेऊन आली, ती मध्यभागी कच्ची होती. तिला कधीच स्वयंपाक जमला नाही. आम्ही कडेकडेने खाल्ली.

जेवण होईपर्यंत ती विषय काढणार नाही हे मला माहीत होतं. भांडी पुसताना तिने विचारलं, "सर, मतं किती आहेत?"

"माझ्यासकट पन्नास. पलीकडे एकोणपन्नास."

"आणि तुमच्याशिवाय?"

"मी रूबेनशी जोडी लावतोय."

तिने ताटली पुसून ठेवली. दुसरी उचलली. "आर्चुलेटांचं मत विचारलंत?"

"विचारलं. उत्तर नाही."

"मग त्यांचं मत काय आहे असं सांगणार तुम्ही?"

"त्यांचा पक्ष काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे."

ती काही बोलली नाही. ती माझ्याकडे होती तेव्हाही अशीच गप्प व्हायची, आणि मी मसुदा परत मागून घ्यायचो.

निघताना कोट घालत म्हणाली, "ते साठचं भाषण मी चांगलं लिहिलं होतं, नाही?"

"फार चांगलं."

"जरा कमी चांगलं लिहायला हवं होतं." आणि हसली, रूबेन. पंचवीस वर्षांत मी तिला चार-पाचदा हसताना पाहिलं असेल. मग म्हणाली, "मला ते पद हवंय, सर. हे मी कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून बोलते. फार हवंय. पण तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही. माझं नाव त्यात आहे."

ती गेल्यावर बर्फ सुरू झाला. अजून पडतो आहे.

तुझ्या मनात काय येतं ते मला माहीत आहे. तुझ्या इनेसला न्यायाधीश करायच्या मतदानाच्या दिवशीही असाच होता. तुम्ही पंचावन्न होतात. आमच्यातले चार तुमच्याकडे आले होते. पाचवा मी होतो. मी तुला सांगितलं होतं, की नियम राहावा या बाजूचा मी आहे, पण ही मुलगी सात वर्षांची असल्यापासून मी तिला बघतोय. तिच्यावरची चर्चा संपवायला माझं मत तुझं. तू तेव्हा रडला होतास. मी खिडकीबाहेर बघत होतो. मतदान सोमवारी संध्याकाळी होतं, मी शनिवार-रविवार घरी आलो, आणि ओमाहाच्या विमानतळावर बर्फ पडला. साठ हवी होती, एकोणसाठ पडली. साठ लागतात तिथे नसलेला माणूस आणि नाही म्हणणारा माणूस सारखेच, हे तू मला नंतर बोलून दाखवलंस. त्यानंतर तू काही बोलला नाहीस.

ओमाहाला बर्फ होता, रूबेन. ते खरं होतं. हवामान खात्याकडे नोंद असेल.

एल्डन


बेलेन, न्यू मेक्सिको, २ डिसेंबर

एल्डन,

मी सांगतोय आणि इनेस लिहून घेते आहे. मला चार वाक्यांनंतर थांबावं लागतं. परिच्छेद संपला की मी दम खातोय असं समज.

तिन्ही पत्रं मिळाली. टाइप केलेला पत्ता बघून हॉस्पिटलचं काहीतरी असेल असं वाटलं, म्हणून पहिलं फोडलं गेलं. बाकीची दोन इनेसने फोडली. ती म्हणाली, आता अर्धवट कशाला ठेवायचं.

कीटिंग हो का म्हणाला याचं तुला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. तू हो म्हटलंस तर पन्नास विरुद्ध एकोणपन्नास. तू जोडी लावून गप्प बसलास तर एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास, आणि बरोबरी झाली की तुमचा मावळता उपाध्यक्ष मत देतो. दोन्हीकडून कीटिंगचं काम होतं. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात तुझे हात कोरडे राहतात आणि ते पुसायला माझं नाव वापरलेलं असतं.

तीस वर्षं तू मतं मोजतो आहेस. ही बेरीज तुला सुचली नव्हती असं मला सांगू नकोस. मी आजारी आहे, बावळट नाही.

आता माझं मत. मला माहीत नाही. बारा वर्षांपूर्वी बहुमत पुरे असं मी म्हणालो, आणि त्यावर माझा विश्वास होता. इनेस माझी मुलगी नसती तरी तो तेवढाच असता का, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता आमचे लोक तुझ्या त्या न हसणाऱ्या बाईला अडवून बसलेत. आणि जानेवारीत खुर्च्या आमच्याकडे आल्या की हेच लोक साठ म्हणजे एक्कावन्न म्हणणार आहेत. मला फोनवर तसं सांगितलंय. कीटिंगचं भाषण वाचतील, वरचं नाव बदलून.

तेव्हा मी हो म्हटलं असतं की नाही, ते माझं नाव पुकारल्यावरच कळलं असतं. एखादे वेळी तिथेच कळतं. तू उठून सगळ्यांसमोर सांगणार, की आर्चुलेटा असते तर असं म्हणाले असते. तुला ठाऊक नाही, एल्डन. मलाच ठाऊक नाही.

जोडी मोडली असं कोणी म्हटलं नाही, असं तू लिहिलंस. मी म्हणतो. मोडली. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, हो म्हणायचं असेल तर हो म्हण, आणि तुझ्या तोंडाने म्हण.

बर्फाचं पुन्हा लिहू नकोस.

रूबेन

सिनेटर, हे पुढचं माझं आहे. बर्फाची ओळ सांगून बाबांनी डोळे मिटले, म्हणून मी इथे लिहिते. मी विद्यापीठात कायदा शिकवते. बरी आहे. तुम्ही ती गोष्ट माझी समजत असाल, तर ती माझी नाही. माझं पद गेलं. तशी ती खूप जणांची जातात. बाबांचा तुमच्याइतका जवळचा माणूस तिथे दुसरा कोणी नव्हता. — इनेस


वॉशिंग्टन, ५ डिसेंबर

रूबेन,

लिहू नकोस म्हणालास. एकदाच लिहितो. नंतर नाही.

विमान सुटलं होतं.

बर्फ होता. पंखांवर फवारे मारून तो काढला, आणि विमान चाळीस मिनिटं उशिराने गेलं. तरी मी मतदानाच्या तीन तास आधी पोचलो असतो. तिकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मी काचेपाशी कॉफी घेऊन उभा होतो. त्यांनी माझं नाव दोनदा पुकारलं. दुसऱ्या वेळी आडनाव नीट उच्चारलं.

आदल्या दिवशी आमच्या तेव्हाच्या नेत्याचा घरी फोन आला होता. तो ओरडला नाही. म्हणाला, "एल्डन, कृषी समितीचं अध्यक्षपद तुझ्याकडे यावं असं मला मनापासून वाटतं. उद्या हवा वाईट आहे म्हणे तिकडे." एवढंच. मी म्हणालो, "हो, वाईट आहे." ते पद मला दोन वर्षांनी मिळालं. मी वाईट काम केलं नाही तिथे. पण ते तसं मिळालं होतं.

बर्फात अडकलो असं सांगायला मी तुला फोन केला तेव्हा विमान धावपट्टीवर होतं. तुला वाटलं असेल की मागे वाऱ्याचा आवाज आहे.

मला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि हो म्हणायचंही नव्हतं. नसणं सोपं होतं. तुला तेव्हा शंका आली असणार. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी बारा वर्षं बर्फाला धरून राहिलो.

आणि हो. बेरीज मला सुचली होती. कीटिंगने छताकडे बघितलं तेव्हा तो काय मोजतोय ते मला माहीत होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याआधीच मी कागदावर मांडून पाहिलं होतं. थीआला पद मिळालं असतं, नियम माझ्या हाताने मोडला नसता, आणि सगळे म्हणाले असते, बघा, आजारी मित्रासाठी म्हाताऱ्याने शब्द पाळला. मला स्वतःलाही तसं वाटू लागलं होतं. हे सगळ्यात वाईट.

काय करणार ते माहीत नाही. साठचा नियम राहावा असं मला वाटतं. बारा वर्षांपूर्वीही वाटत होतं; त्यात खोटं नव्हतं. पण तो राहिला तर फक्त जानेवारीपर्यंत राहणार. चार आठवड्यांसाठी मी थीआचं आयुष्य अडवू का? आणि चार आठवड्यांसाठी जे पाळता येत नाही, ते मला पटतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मार्गो म्हणाली, "सर, नऊ तारखेला मतदान आहे, आज नाही. जेवून घ्या." मी तारीखही विसरलो असं तिला वाटतं. ती रोज मला जेवून घ्या म्हणते.

एल्डन


वॉशिंग्टन, १० डिसेंबर

रूबेन,

कालचं तुला कळलं आहे. तरी माझ्या बाजूने लिहितो.

सकाळी थीआला फोन केला. तिला आधी सांगायला हवं असं वाटलं.

"सर," ती म्हणाली, "सांगू नका. मी दुपारी कोर्टात आहे. तिथे मला नीट ऐकावं लागतं."

"थीआ, मी..."

"तुमचा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकतेय. कळलं." मागे कोणीतरी दार लोटत होतं. "तुम्ही जोडी लावली असतीत तर मी पद घेतलं असतं. आणि रोज सकाळी न्यायाधीशाचा झगा अंगावर चढवताना मला आठवलं असतं. आता आठवणार नाही." मग तिने फोन ठेवला. ती रागावलेली होती. मी ते दुसरं काही होतं असं लिहिणार नाही.

सभागृह भरलेलं होतं. सगळे आपापल्या जागी बसले होते. अलीकडे असं फक्त कोणी गेलं की होतं. जोडीचं निवेदन टाइप केलेलं कार्ड माझ्या खिशात होतं. मार्गोने ते आदल्या आठवड्यात केलं होतं आणि मी ते तिला फाडायला सांगितलं नव्हतं. कीटिंगने येता येता माझ्या खांद्यावर थाप मारली. त्याला ते कार्ड माहीत होतं. तू काय लिहिलंस ते माहीत नव्हतं.

तुझं नाव यादीत दुसरं. कारकुनाने ते पुकारलं, थांबला, पुढे गेला. माझं शेवटून तिसरं. मध्ये पंच्याण्णव माणसं. मी त्यातलं एकही नीट ऐकलं नाही. हार्टवेलबाई नाही म्हणाली तेव्हा कोणीतरी खोकलं. उपाध्यक्ष वर खुर्चीत बसून होता, जेवायला लवकर आलेल्या पाहुण्यासारखा.

मला वाटलं होतं, नाव येईल तेव्हा मनात काहीतरी ठरलेलं असेल. नव्हतं. तू लिहिलंस ना, तिथेच कळतं? मला कळलं असंही नाही. हात खिशाकडे गेला. कार्डाचा कोपरा बोटाला लागला. तिथेच, त्याच आतल्या खिशात, तेव्हा तिकीट होतं.

मी नाही म्हणालो.

आवाज निघालाच नाही. कारकुनाने मान वर केली आणि पुन्हा माझं नाव घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठलो आणि पुन्हा म्हणालो. या वेळी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो असेन. वर गॅलरीत कोणीतरी हसलं.

एकोणपन्नास विरुद्ध पन्नास. प्रस्ताव पडला. टाळ्या वाजल्या त्या तुमच्या बाजूने, आणि त्या वाजवणारे जानेवारीत काय करणार ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्यातला एकजण हात मिळवायला आला. मी म्हणालो, "चार आठवडे." तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हणालो, "काही नाही."

कीटिंग कोटांच्या खोलीत भेटला. "तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं ज्यांच्यात बसून जेवलास, त्यांना जाता जाता हे? आणि कशासाठी? महिन्याभरात ते लोक हाच नियम जाळतील, आणि त्या वेळी आपले अकरा लोक घरी बसून बघतील."

"बघतील," मी म्हणालो.

"मग?"

त्याचं म्हणणं चूक नाही. मी कोट चढवला. बाही सापडत नव्हती; त्यानेच धरली. मग निघून गेला.

ऑफिसात मार्गोने सूप आणून ठेवलं होतं. चष्मा पुसत म्हणाली, "फोन वाजत नाहीयेत फारसे." फोन सतत वाजत होते. तिने सगळे बाहेर वळवले होते. थीआचा आला नाही. आज सकाळीही नाही. मी तिला पुन्हा करणार नाही. करायचा असेल तर ती करेल.

एकच फोन मार्गोने आत दिला. इनेसचा होता. मी उभा राहिलो. का ते माहीत नाही.

"सिनेटर," ती म्हणाली, "बाबांनी टीव्ही लावला होता. पण त्यांना यादी अर्ध्यावर येईपर्यंत झोप लागली. औषधं आहेत. तुमचं नाव आलं तेव्हा ते घोरत होते."

मी म्हणालो, "बरं."

"उठल्यावर त्यांनी आकडा विचारला. मी सांगितला. मग विचारलं, एल्डन स्वतः तिथे होता का. मी म्हटलं, होते. दोनदा बोलावं लागलं त्यांना."

"मग काय म्हणाला?"

"पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, म्हणजे विमान मिळालं त्याला."

हो, रूबेन. मिळालं.

एल्डन